बाळ आज कमी फिरतंय का?

सातवा लागला की ओपीडीत एक प्रश्न ठरलेला असतो: “बाळ फिरतंय ना नीट?” वजन, बीपी, पायांवरची सूज यांच्या गडबडीत तो इतक्या सहज येतो की बहुतेकजणी “हो” म्हणून मोकळ्या होतात आणि विषय लोहाच्या गोळ्यांकडे वळतो. खरं तर त्या दिवशीच्या सगळ्या तपासण्यांत ही एकच अशी आहे जी डॉक्टरांना करता येत नाही. बीपी नर्स घेते, हिमोग्लोबिन लॅब सांगते, बाळाची वाढ सोनोग्राफीत दिसते. बाळ दिवसभर कसं वागतंय हे मात्र आईखेरीज कुणालाच कळत नाही.

आणि नेमक्या याच बाबतीत तिला प्रत्येकजण वेगळं सांगतो. एक डॉक्टर म्हणतात, बारा तासांत दहा वेळा जाणवलं पाहिजे. दुसऱ्या म्हणतात, जेवणानंतर तासाभरात तीन झाले तरी पुरे. मोबाइलमधलं ॲप दोन तासांत दहा मागतं. सासूबाईंचं तिसरंच: “अगं, नवव्यात बाळ शांतच होतं. जागा कुठे उरते त्याला?”

सासूबाईंचं म्हणणं साफ चुकीचं आहे आणि ते मनात धरून घरी बसणं धोक्याचं आहे. डॉक्टरांचे आणि ॲपचे आकडे मात्र हवेतून आलेले नाहीत. ते कुठून आले हे कळलं की त्यांचा गोंधळ बराच कमी होतो. पण त्याआधी पोटात काय चाललेलं असतं ते पाहू.

हालचाल कधी सुरू होते, कशी बदलते

पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास जाणवू लागते, काहींना आणखी थोडी उशिरा. दुसऱ्या खेपेला सोळाव्या आठवड्यातही ओळखू येते, कारण ती गॅसची गुडगुड आहे की बाळ, हे आता माहीत असतं. २४ आठवडे झाले तरी काहीच जाणवलं नसेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना सांगावं.

सुरुवातीला हालचाल विस्कळीत असते. एक दिवस खूप, दुसऱ्या दिवशी जवळजवळ नाही. अठ्ठावीस आठवड्यांच्या आसपास तिला वळण लागतं. मग आईलाही कळायला लागतं की आपलं बाळ सकाळी सुस्त असतं, दुपारच्या जेवणानंतर थोडं फिरतं आणि रात्री नऊनंतर, आपण जरा पाठ टेकली की, त्याचा धिंगाणा सुरू होतो. दुपारनंतर आणि संध्याकाळी हालचाल जास्त असणं अगदी नेहमीचं आहे.

ही हालचाल बत्तीस आठवड्यांपर्यंत वाढत जाते आणि मग त्याच पातळीवर राहते. प्रसूतीपर्यंत राहते, कळा सुरू झाल्यावरही राहते. बदलतो तो तिचा प्रकार. मोकळ्या लाथांऐवजी आता कूस बदलणं, पोटाच्या एका बाजूला टाच किंवा कोपर सरकताना दिसणं, बरगड्यांखाली ढकलणं असं चालतं. जागा कमी झाल्याने बाळाच्या उड्या कमी होतात, बाळाचं हलणं कमी होत नाही. सासूबाईंच्या वाक्यात एवढाच खरा भाग आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचा चुकीचा अर्थ लावला गेला आहे.

बाळ झोपतंही. त्याची एक झोप साधारण २० ते ४० मिनिटांची असते, क्वचितच ती दीड तासाच्या पुढे जाते. त्यामुळे अर्धा-पाऊण तास काही जाणवलं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि “सकाळपासून झोपलंय बहुतेक” हे स्पष्टीकरण कधीच पटवून घ्यायचं नाही.

काय हालचाल म्हणून धरायचं? लाथ, ढुशी, वळणं, सरकणं, पसरणं, सगळं. उचक्या मात्र धरायच्या नाहीत. पोटात एकाच जागी, ठरावीक अंतराने, टक् टक् असे हलके धक्के बसतात त्या बाळाच्या उचक्या. त्या निरुपद्रवी असतात, पण त्यांच्यावरून बाळ फिरतंय असा हिशोब करता येत नाही.

कमी का होते

बाळ पोटात फुफ्फुसांनी श्वास घेत नाही. त्याचा ऑक्सिजन आईच्या रक्तातून वारेत, वारेतून नाळेत आणि नाळेतून त्याच्या अंगात जातो. रिपोर्टमध्ये प्लासेंटा म्हणून लिहिलेली असते ती ही वार. ती नीट काम करत नसेल, तर बाळाला मिळणारा ऑक्सिजन आणि अन्न दोन्ही हळूहळू घटतं. बाळ मग काटकसर सुरू करतं. महिनाअखेरीला पैसे संपत आले की घरात आधी हॉटेल आणि सिनेमा बंद होतो, दूध आणि भाजी शेवटपर्यंत चालू ठेवतात, तसं ते आपलं रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवतं आणि हातपाय हलवण्यावरचा खर्च कमी करतं. मूत्रपिंडांकडेही रक्त कमी जातं, त्यामुळे लघवी कमी होते. गर्भाभोवतीचं पाणी या काळात मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असतं, म्हणून तेही कमी होतं. “पाणी कमी झालंय” आणि “बाळ कमी फिरतंय” या दोन तक्रारी बऱ्याचदा हातात हात घालून येतात, त्या यामुळे.

म्हणजे हालचाल मंदावणं ही बाळाने केलेली बचत असते. ती दिसायला लागते तेव्हा बाळाचे ठोके चालूच असतात, आणि उपचाराला वावही बहुधा तेव्हाच असतो. ज्यांचं बाळ पोटातच दगावलं अशा मातांना नंतर विचारलं, तर साधारण निम्म्याजणींना त्याआधी हालचाल कमी झाल्याचं जाणवलं होतं, असं परदेशातल्या अभ्यासांत दिसलं आहे. याची दुसरी बाजूही लगेच सांगायला हवी: हालचाल एकदा कमी वाटली म्हणून दवाखान्यात आलेल्यांपैकी साधारण ७० टक्के मातांचं पुढचं गरोदरपण काहीही गुंतागुंत न होता पार पडतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणून घाबरून जाण्यासारखंही काही नसतं आणि अंगावर काढण्यासारखंही नसतं.

वारेवर ताण आणणाऱ्या गोष्टी ओळखीच्या आहेत. वाढलेलं बीपी, मधुमेह, अंगात रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांत रक्त कमी आढळलं होतं. आपल्याकडे यात मशेरीची भर पडते. सिगारेट ओढणारी गरोदर बाई चाळीत चर्चेचा विषय होईल, पण सकाळी दात घासायला म्हणून मशेरी लावणारीकडे कुणी वळून बघत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबईतल्याच १,२१७ स्त्रियांच्या अभ्यासात तंबाखू, मशेरी वगैरे वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं. ओपीडीत “तंबाखू खाता का?” असं विचारलं की मशेरी लावणारी बाई “नाही” म्हणते, आणि तिच्या दृष्टीने ती खोटं बोलत नसते. तेव्हा मशेरीचं आपण होऊन सांगावं.

काही कारणं साधी असतात. वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असेल, रिपोर्टमध्ये ‘अँटिरिअर’ असं लिहिलेलं असतं, तर बाळ आणि पोटाची कातडी यांच्यामध्ये ती उशीसारखी येते आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत लाथा दबून जाणवतात. झोपेची किंवा शामक औषधं घेतली तर फरक पडतो. वेळेआधी प्रसूती होण्याची शक्यता दिसली की बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, त्यानंतरही दोन-एक दिवस हालचाल कमी वाटू शकते. पण यातलं कुठलंही कारण घरच्या घरी गृहीत धरायचं नाही. “माझी वार पुढे आहे, म्हणून असेल” हे ठरवायचं काम तपासणीनंतर डॉक्टरांचं. वार पुढे असली तरी तुमच्या बाळाची म्हणून एक सवय तयार झालेलीच असते, आणि ती मोडली तर मोडली.

मुलगा जास्त फिरतो, मुलगी कमी, हे जाता जाता सांगून टाकते, थाप आहे.

दहाचा आकडा आला कुठून

आता आकड्यांकडे. ब्रिटनमधल्या कार्डिफ इथे पिअर्सन आणि वीव्हर या डॉक्टरांनी १९७६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची बाळं पुढे सुखरूप जन्मली अशा ६१ स्त्रियांनी बत्तीस आठवड्यांनंतर रोज बारा तास हालचाली मोजल्या होत्या. एकूण १,६५४ दिवसांच्या नोंदींपैकी फक्त अडीच टक्के दिवशी आकडा दहाच्या खाली गेला होता. म्हणजे निरोगी बाळाच्या बाबतीत बारा तासांत दहापेक्षा कमी ही फार दुर्मिळ गोष्ट. तिथून ‘काउंट टू टेन’चा तक्ता निघाला, जगभर गेला, आणि आपल्या वैद्यकीय पुस्तकांतही पक्का बसला. काही ठिकाणी त्याची सोय म्हणून दिवसातून तीन वेळा एकेक तास मोजून बेरजेला चारने गुणायला सांगतात. तासाला तीनचा आकडा त्याच घरातला.

पुढे १९८९ साली अमेरिकेत वेगळ्या पद्धतीने पाहिलं गेलं. बाईला सांगितलं, बाकी सगळं सोडून लक्ष देऊन मोज. तेव्हा दहा हालचाली जाणवायला सरासरी २१ मिनिटं लागली. काहींना बराच जास्त वेळ लागतो हे धरून वरची मर्यादा दोन तासांची ठेवली गेली. ॲपमधला आकडा हा.

या दोन अभ्यासांत विरोध नाही. एकात कामधाम करता करता बारा तास मोजलंय, दुसऱ्यात एका जागी शांत बसून. पण घरी याचा अर्थ काय घ्यायचा? माझ्या मते बारा तासांचा नियम आता निवृत्त करायला हवा. लक्ष दिल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत कळणारी गोष्ट सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत ताणायची, आणि तोवर आठच झाल्या म्हणून रात्री दहाला धावपळ करायची, यात कुणाचाच फायदा नाही. त्याहून वाईट म्हणजे दहा हा आकडा सगळ्यांना सारखा लावला जातो. एखादीचं बाळ एरवी दोन तासांत चाळीस वेळा हलत असेल आणि आज बारावर आलं, तर तक्त्यावर ती पास आहे. प्रत्यक्षात तिने दवाखान्यात असायला हवं.

सगळ्यांनी रोज मोजून तक्ता भरला तर बाळं वाचतात का, हेही तपासलं गेलं आहे. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ६८,००० स्त्रियांच्या अभ्यासात रोजच्या मोजणीने बाळं दगावण्याचं प्रमाण कमी झालं नाही. २०१८ साली ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ३३ रुग्णालयांत, चार लाखांहून जास्त गरोदरपणं धरून, ‘अफर्म’ नावाची मोठी चाचणी झाली. तिथे मातांना हालचालींबद्दल नीट माहिती दिली आणि हालचाल कमी झाल्यावर रुग्णालयाने काय करायचं याची पद्धत ठरवून दिली. बाळं दगावण्याच्या प्रमाणात ठामपणे सांगता येईल असा फरक पडला नाही. कळा आणण्याची औषधं देणं आणि सिझेरियन मात्र वाढलं, सिझेरियन साधारण २५ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर गेलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या शिफारशींत रोजचा तक्ता सरसकट सगळ्यांना द्यायला सांगितलेलं नाही. त्याच वेळी शेवटच्या तीन महिन्यांत हालचालीचं महत्त्व प्रत्येकीला समजावून सांगा आणि कमी झाली तर कळवायला सांगा, असं म्हटलं आहे.

हे वाचून कुणी म्हणेल, मग लक्ष देण्यात अर्थ काय? अर्थ आहे. या अभ्यासांचा प्रश्न होता की सरसकट सगळ्यांना मोजायला लावून एकूण आकडे बदलतात का. तुमच्या बाळाची हालचाल आज खरोखर मंदावली असेल तर तपासून घ्यावं का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर ‘हो’ आहे याबद्दल वैद्यकीय जगात फारसा वाद नाही. तुमच्या डॉक्टरांनी मोजायला सांगितलं असेल, विशेषतः बीपी, शुगर किंवा बाळाची वाढ कमी असल्यामुळे, तर जरूर मोजा. नसेल सांगितलं तर वही घेऊन बसायची गरज नाही. रोजची सवय ओळखून ठेवायची, आणि ती बिघडली की हलायचं.

शंका आली तर

ही सवय ओळखणं मुंबईत वाटतं तितकं सोपं नाही. आडवं पडल्यावर हालचाल सगळ्यांत जास्त जाणवते, बसल्यावर त्याहून कमी, उभं राहिल्यावर सगळ्यांत कमी. आता बोरिवलीहून चर्चगेटला जाणारी, आठव्या महिन्यातली बाई घ्या. सकाळी लेडीज डब्यात कुणीतरी “बसा, बसा” म्हणत सीट दिली तरी गाडीचे हेलकावे, मांडीवरची पर्स, उतरताना धक्का लागू नये म्हणून पोटावर धरलेला हात. मग ऑफिस, फोन, मीटिंग. संध्याकाळी घरी येऊन चहा टाकताना एकदम आठवतं, आज दिवसभर बाळ जाणवलंच नाही. बाळ फिरलं नाही की आपलं लक्ष नव्हतं, हे तिला त्या क्षणी सांगता येत नाही.

अशा वेळी गॅस बंद करावा, फोन बाजूला ठेवावा आणि डाव्या कुशीवर पडून फक्त पोटाकडे लक्ष द्यावं. टीव्ही लावायचा नाही. नेहमीसारखी हालचाल लगेच सुरू झाली तर प्रश्न मिटला. दोन तासांत दहा वेळाही जाणवलं नाही तर निघायचं. ही दोन तासांची सवड फक्त ‘लक्ष नव्हतं’ अशा शंकेसाठी आहे. हालचाल नक्की कमी झाली आहे किंवा थांबली आहे असं वाटत असेल तर दोन तासही थांबायचं नाही.

आपल्याकडे थांबवणारे उपाय भरपूर आहेत. थंड पाणी पी, ग्लुकोज घे, साखर खा, पोटावर टिचक्या मार. गोड खाल्ल्याने मंदावलेलं बाळ जागं होतं याला आधार नाही, आणि एखादी लाथ आली की घरचे सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, पुढचे आठ तास कुणी विचारत नाही. ऑनलाइन मिळणारं, पोटाला लावून ठोके ऐकायचं यंत्र तर घरात आणूच नये. त्यात बऱ्याचदा आईचीच नाडी किंवा वारेतल्या रक्ताचा आवाज ऐकू येतो. बाळाचे ठोके खरंच ऐकू आले तरी त्यातून फक्त ते आत्ता चालू आहेत एवढंच कळतं. बाळ बचतीवर आहे की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही.

दुसरा अडथळा माणसांचा. रात्रीचा एक वाजलाय, नवरा झोपलाय, सासूबाई म्हणतात सकाळी बघू. शेवटची लोकल गेलेली असते आणि पहिली यायला पहाट व्हायची असते, त्यामुळे ‘सकाळी’ला एक वजनही येतं. पण रिक्षा, टॅक्सी मिळतात, १०८ ची रुग्णवाहिका फुकट येते, आणि केईएम, सायन, नायर, वाडिया, कामा अशा रुग्णालयांत प्रसूती विभाग रात्रभर सुरू असतो. नाव ज्या दवाखान्यात घातलंय तिथे जाणं सगळ्यांत चांगलं, कारण फाइल तिथे असते. मात्र लहान प्रसूतिगृहात रात्री डॉक्टर असतात का, एनएसटीची, म्हणजे मशीनवर बाळाचे ठोके तपासण्याची, सोय आहे का, हे आठव्या महिन्यातच विचारून ठेवावं. पावसाळ्यात दिवस भरत असतील तर हिंदमाता किंवा मिलन सबवे तुंबल्यावर कुठून जायचं, हेही.

केसपेपरच्या खिडकीवर लाजायचं नाही. “पोटात दुखतंय”, “कसंतरी होतंय” असं मोघम सांगितलं तर रांगेत बसवतील. “छत्तिसावा आठवडा आहे, सकाळपासून बाळाची हालचाल कमी आहे” एवढं एक वाक्य पुरतं.

तिथे काय करतात

आधी बीपी, मग टेपने पोटाची उंची, मग ठोके ऐकणं. ठोके मिळाले की बहुधा एनएसटी, म्हणजे नॉन-स्ट्रेस टेस्ट. पहिल्यांदा करणारीला तिची उगाच भीती वाटते. अरुंद खाटेवर थोडं कुशीवर झोपवतात, पोटाला गार जेली लावतात आणि दोन पट्टे बांधतात. एका पट्ट्याखालची चकती बाळाचे ठोके पकडते, दुसऱ्याखालची गर्भाशयाचं आवळणं. हातात एक बटण देतात, बाळ हललं की दाबायचं. मशीनमधून कागदाची पट्टी सरकत राहते, खोलीभर घोड्याच्या टापांसारखा आवाज. दुखत काही नाही.

डॉक्टर त्या कागदावर बघतात ते असं. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० च्या दरम्यान आहेत का, आणि बाळ हललं की ते वर जातात का. बत्तीस आठवड्यांनंतर वीस मिनिटांत निदान दोन वेळा, ठोके किमान पंधराने वाढून ती वाढ किमान पंधरा सेकंद टिकली, तर टेस्ट ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे चांगली. वीस मिनिटांत तसं दिसलं नाही म्हणून लगेच धसका घ्यायचा नाही. बाळ झोपलेलं असू शकतं, म्हणून आणखी वीस मिनिटं चालू ठेवतात. अठ्ठावीस आठवड्यांच्या आधी मात्र या टेस्टचा फारसा उपयोग नसतो, तेव्हा ठोके ऐकून आणि सोनोग्राफी करून ठरवतात.

एनएसटी चांगली आली म्हणजे बाळ आत्ता ठीक आहे. वार गेल्या महिनाभरात कशी चालली आहे हे तिच्यातून कळत नाही. त्यामुळे वाढ कमी असल्याची शंका असेल, बीपी-शुगर असेल किंवा एनएसटीनंतरही हालचाल कमीच वाटत असेल तर सोनोग्राफी करतात. तिच्यात बाळाचं वजन, पाण्याचं प्रमाण आणि गरज पडली तर नाळेतला रक्तप्रवाह बघतात, ज्याला सगळे ‘कलर डॉपलर’ म्हणतात. कधी कधी ‘बायोफिजिकल प्रोफाइल’ करतात: एनएसटीसोबत बाळाची हालचाल, हातपाय आखडून सोडणं, छातीची श्वासासारखी हालचाल आणि पाणी, प्रत्येकाला दोन गुण, एकूण दहापैकी.

सगळं ठीक असेल तर घरी पाठवतात. दिवस भरलेले असतील आणि काही बिघडलेलं दिसलं तर प्रसूती करून घेणं सोपं असतं. चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यात निर्णय अवघड होतो, कारण लवकर जन्मलेल्या बाळाच्या अडचणी दुसऱ्या पारड्यात असतात. “हालचाल कमी आहे ना, मग सिझर करून टाका” असा आग्रह घरच्यांनी धरू नये, तसाच एकही तपासणी न होता “सिझर करावं लागेल” असं सांगितलं गेलं तर कशावरून, हे शांतपणे विचारावं.

घरी आल्यावर पुन्हा कमी वाटलं तर? पुन्हा जायचं. इथे बायका कचरतात. परवाच जाऊन आलो, पैसे गेले, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, आता परत गेलो तर वेड्यात काढतील. प्रत्यक्षात वारंवार हालचाल कमी होणं हे एकदा कमी होण्यापेक्षा जास्त गंभीर समजलं जातं, आणि दुसऱ्या वेळी तपासणी अधिक बारकाईने व्हायला हवी. आधी किती वेळा आलात हे आपण होऊन सांगा, जुने एनएसटीचे कागद सोबत न्या.

उलट प्रश्नही येतो: बाळ फार फिरतंय, चालेल का? रोजच चळवळ्या असलेल्या बाळाबद्दल काळजी नको. पण एकदम कधी नव्हे इतकी जोराची धडपड झाली आणि मग शांत झालं, तर तेही कळवायचं.

झोपण्याबद्दल एक. अठ्ठावीस आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपावं, कारण उताणं झोपल्याने गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो आणि वारेकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं. डावी की उजवी यावरून घरात वाद नको, दोन्ही चालतात. रात्री जाग आली आणि उताणे असल्याचं लक्षात आलं तर कूस बदलून परत झोपावं, रडत बसू नये.

आणि आपल्याकडचा एक खास मुद्दा. डोहाळजेवण झालं की पहिलटकरीण माहेरी जाते. परळची कोल्हापूरला, भांडुपची चिपळूणला. म्हणजे ज्या महिन्यांत हालचालीकडे सर्वांत जास्त लक्ष हवं, नेमक्या त्याच महिन्यांत डॉक्टर बदलतात, रुग्णालय बदलतं आणि निम्मे कागद मुंबईच्या कपाटात राहतात. निघण्याआधी पूर्ण फाइल मागून घ्यावी: सगळे सोनोग्राफी रिपोर्ट, रक्तगट, बीपीच्या नोंदी, झाल्या असतील तर एनएसटीच्या पट्ट्या. मोबाइलमध्ये त्यांचे फोटो काढून नवऱ्याकडे आणि आईकडेही ठेवावेत. माहेरी पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या डॉक्टरांकडे नाव घालून रात्री कुणाला फोन करायचा, एनएसटीचं मशीन कुठे आहे, जवळचं सिझेरियनची सोय असलेलं रुग्णालय किती लांब आहे, आणि तिथवर न्यायला दारात गाडी कुणाची असेल, हे विचारून घ्यावं.